लाल खडूची फळं

२ ऑक्टोबर

ती. आई,

नमस्कार. तुम्ही पाठवलेली नासपतींची पेटी मिळाली. ती बरेच दिवस पार्सल ऑफिसात पडून होती. चिठ्ठी दाराला अडकवलेली आणि आम्ही दोघं दवाखान्यात, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही.

बातमी तुमच्या शेजारच्या मास्तरांनी तुम्हाला पाटीवर लिहून दाखवली, असं ते फोनवर म्हणाले. असली बातमी पाटीवर वाचायला लागावी याचं मला फार वाईट वाटलं. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि पत्र पोचायला वेळ लागला असता. तुमचा पाय प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा इकडे यायचं मनातही आणू नका. इथे सगळं व्यवस्थित आहे.

तुमची मुलगी घरी आली. ताप उतरला, टाके कोरडे आहेत, डॉक्टर समाधानी आहेत. ती मात्र बोलत नाही. अगदीच अबोला आहे असंही नाही. चहा आणू का विचारलं तर 'ठेव' म्हणते. मी ठेवतो आणि तो गार होतो. दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून असते, जेवण नावाला.

माझ्याकडून मी सगळी काळजी घेतली आहे. ती घरी यायच्या आधीच पाळणा आणि बाळाचे कपडे समोरच्या बाईंकडे नेऊन ठेवले. भिंतीवरची चित्रं काढली, खोलीला नवा रंग दिला. आमच्या पंपांच्या कारखान्यात हा नियमच आहे. आम्ही तपासनीस जो माल नापास करतो तो मशीनवरच्या माणसाच्या नजरेसमोर राहू देत नाही. तो सारखा दिसत राहिला की माणसाचा हात बिचकतो.

आता मुद्द्याचं. ती एकदा म्हणाली होती की या नासपतींचा तुम्ही केक करता आणि लहानपणी ती शेवटचा तुकडा कपाटात दडवून ठेवायची. तो केक मिळाला तर कदाचित पोटात काही जाईल. मी आज पेटी टेबलावर ओतून सगळी फळं अंगठ्याने दाबून पाहिली, आमचे रबरी वायसर तपासतो तशी. जी दबली, काळी पडली किंवा पाझरत होती, त्यांच्यावर लाल खडूने फुली मारून ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. निम्म्याहून जास्त गेली, पण उरलेली अगदी टणक आणि उत्तम आहेत.

कृती कळवावी. मापं नक्की द्यावीत.

तुमचा,
जावई


६ ऑक्टोबर

जावईबापू,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग कपाळाला हात लावला, मग हसू आलं आणि मग पुन्हा रडले. समोर बसलेले मास्तर पार गोंधळले बिचारे.

अहो, जी टाकलीत तीच केकची! टणक नासपती खायची चिरून, नाहीतर ठेवून द्यायची. केकला लागते ती अंगठा लावला की आत जाणारी, साल सुटलेली, हाताला चिकटणारी. जिच्याकडे बघून शेजारीण नाक मुरडते ती. ठमीचे बाबा होते तेव्हा चांगली फळं बाजारात जायची आणि ही आमच्या वाट्याला यायची. म्हणून तर केक सुरू झाला. हौस वगैरे काही नव्हती त्यात.

आता कृती. मऊ फळं सोलायची आणि हातानेच कुस्करायची. जो रस गळेल तो सांडू द्यायचा नाही, त्यातच सगळी गंमत असते. लोणी आणि साखर फेटायची, हात दुखायला लागला की अजून थोडी. अंडी एकेक करून. मग मैदा, बेकिंग पावडर, दालचिनीची पूड, मीठ बोटाच्या चिमटीत मावेल एवढं. वाटी म्हणजे किती, हे मला विचारू नका. तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. घरात जी वाटी सापडेल ती घ्या आणि शेवटपर्यंत तीच धरा. साखर एक तर मैदा दोन, कुस्करलेलं फळ दोन, लोणी एकाला जरा कमी. ओव्हन मध्यम. घरभर वास सुटला की माणसाला वाटतं झाला, तेव्हा तो झालेला नसतो. करपला की काय अशी धाकधूक व्हायला लागली की काढायचा.

एक गोष्ट लिहू का? राग मानू नका. पाळणा हलवलात, खोली रंगवलीत, चांगल्या मनाने केलंत हे मला दिसतंय. पण तिला विचारलं होतंत का? तिने त्या भिंतीवर एकेक चित्र स्वतः चिकटवलं होतं. फुगलेलं पोट सांभाळत स्टुलावर चढली म्हणून तुम्हीच तिला रागावला होता, तिनेच लिहिलं होतं मला. जावईबापू, कारखान्यात तुमचा नियम बरोबरच असेल. पण माझी मुलगी मशीनवर बसलेली नाही.

गिरणीत मागांच्या खडखडाटात उभं राहून कान गेले, आता पाय गेला. नाहीतर कधीच येऊन तुमच्या दारात उभी राहिले असते. तिला सांगा आई लिहिते आहे. उत्तर नाही दिलं तरी चालेल.

ठमीची आई


११ ऑक्टोबर

ती. आई,

नमस्कार. पत्र मिळालं. राग कसला मानायचा. केक केला. सपशेल फसला. सविस्तर कळवतो, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला सांगता येईल.

तुमचं पत्र आलं तोवर मऊ फळं उरली नव्हती. त्यात एक विचित्र प्रकार घडला होता. मी फळं तपासून टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर डब्यातली सगळी फळं ओट्यावर. धुतलेली, पुसलेली, खाली स्वच्छ फडकं, आणि एकमेकांना लागू नयेत अशी मांडलेली. लाल फुल्यासुद्धा पुसून काढल्या होत्या. घरात आम्ही दोघंच, म्हणजे तीच उठली असणार. टाके ताजे असताना वाकायचं, उचलायचं नसतं, हे डॉक्टरांनी तिच्या देखत सांगितलं होतं.

मला वाटलं, वाया जातात म्हणून तिच्या जिवाला लागलं. मी म्हणालो, "अगं, ही खराब झालेली आहेत, पोट बिघडेल." मी ती पुन्हा डब्यात भरली आणि डबाच खाली नेऊन रिकामा करून आलो. त्या दिवसापासून ती 'ठेव'सुद्धा म्हणत नाही.

तर मऊ फळं नसल्यामुळे मी टणक फळं उकडून मऊ केली. बाकी सगळं तुम्ही लिहिलंत तसंच. वाटी एकच धरली. केक वरून काळा झाला आणि आत चिकट राहिला. कडेचे तुकडे तर असे झाले की पंपाला बसवले असते तर थेंब गळला नसता. बशी तिच्यापुढे ठेवली. तिने बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. मी तो सगळा दोन दिवस जेवणाच्या डब्यात नेऊन खाल्ला. कारखान्यात कुणाला दिला नाही.

उकडल्यामुळे पाणी जास्त झालं असेल का? की ओव्हन कमी पडला? तपासून कळवावे.

तुमचा,
जावई


१५ ऑक्टोबर

जावईबापू,

केक जाऊ दे चुलीत.

मी तुमचं पत्र परवापासून कितीदा वाचलं त्याची मोजदाद नाही. पोट कापलेली बाई अंथरुणातून उठते, कचऱ्याच्या डब्यात हात घालते, फळं काढते, धुते, पुसते आणि फडक्यावर मांडून ठेवते. कुणाचा धक्का कुणाला लागू नये अशी मांडते. आणि तुम्ही मला विचारता, ओव्हन कमी पडला का!

ती फळांसाठी उठली असं तुम्हाला खरंच वाटतं?

मला एक सांगा. मास्तरांच्या पाटीवर एवढंच होतं, 'मुलगी झाली. जिवंत नव्हती. आई ठीक.' मी तेव्हा पुढचं काही विचारलं नाही, धीर झाला नाही. आता विचारते. ठमीने बाळाला पाहिलं का? पाहिलं नसेल तर का नाही? शुद्धीवर आल्यावर तिने काही विचारलंच असेल. तुम्ही तिला काय सांगितलंत?

गोलगोल उत्तर नको. मी तुमची सासू आहे, साहेब नाही. चुकलं असेल तरी नोकरी जाणार नाही.

ठमीची आई


२२ ऑक्टोबर

ती. आई,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र खिशात घेऊन चार-पाच दिवस हिंडलो. रोज लिहायला बसलो आणि रोज कागद फाडला.

तिला पूर्ण भूल दिली होती. मी बाहेर बाकावर होतो. डॉक्टर आले, सांगून गेले. मग सिस्टर बाळाला घेऊन बाहेर आल्या. मी पाहिलं. नीट पाहिलं. दुसरं मला काय येतं?

नंतर डॉक्टरांनी विचारलं, "आई शुद्धीवर आल्यावर तिला दाखवायचं का? ठरवा. बाळाला फार वेळ ठेवता येणार नाही." मी लगेच म्हणालो, "नको." साधा वायसर बाद करताना मी दोनदा बघतो. इथे क्षणभरही थांबलो नाही. मला वाटलं, पाहिलं की ते तिच्या डोळ्यांत कायमचं राहील. माझ्या राहिलं आहे. पुढचं सगळं दवाखान्यातल्या लोकांनीच केलं.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न तोच विचारला. "कशी होती?" मी म्हणालो, "त्यात बघण्यासारखं काही नव्हतं." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा तिने तो प्रश्न विचारला नाही.

आई, ते खोटं होतं. बघण्यासारखं होतं. खूप होतं.

आता ते कसं फिरवायचं ते मला कळत नाही. रोज सकाळी ठरवतो आणि तिच्या पाठीकडे बघून गप्प बसतो. आणि आता सांगितलं तर ती म्हणेल, इतके दिवस का लपवलंस? ती मला सोडून तुमच्याकडे निघून जाईल अशी भीती वाटते. गेली तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी असं करू का? बाळ कसं होतं ते सगळं तुम्हाला लिहून पाठवतो. तुम्ही ते तुमच्या शब्दांत तिला लिहा. तुमचं लिहिणं चांगलं आहे. माझ्या तोंडून ते यायचं नाही.

तुमचा,
जावई


२६ ऑक्टोबर

बाळा,

नको. एक अक्षर लिहू नकोस.

मी तिची आजी आहे. कशी होती ते कळावं म्हणून माझा जीव किती तुटतो ते तुला काय सांगू! तुझं पाकीट उघडण्याआधी चष्मा दोनदा पुसला, यात लिहिलं असेल तर म्हणून. नव्हतं, म्हणून सुटका वाटली आणि चरफडलेही. पण तिच्या आधी मी ऐकायचं नाही. ठमीला कळू दे. मग उरलं तर मला. माझा नंबर दुसरा.

रागावले आहे का? रागावले आहे. तुझ्या जागी माझा मुलगा असता तर त्याचा कान धरला असता. तिचं बाळ, तिने नऊ महिने वागवलेलं, आणि बघायचं की नाही ते ठरवणारा तू कोण? हे मी लिहिलं नाही तर मला झोप यायची नाही, म्हणून लिहिलं. आणि हेही लिहिते, की तू ते एकट्याने पाहिलंस, एकट्याने पोटात ठेवलंस आणि वर चहा करत राहिलास, याचं मला फार वाईट वाटतं. तुझी आई असती तर तिच्याजवळ तरी बोलला असतास.

आता ऐक. मास्तरांनी झाडाखालची शेवटची फळं वेचली आहेत. फुटलेली, मार लागलेली, गांधीलमाश्यांनी पोखरलेली. या पत्रापाठोपाठ येतील. एकही तपासू नकोस. पेटी आली की सुटीच्या दिवशी दुपारी ओट्यावर ठेव आणि सोलायला तिला बोलाव. ये म्हणू नकोस. 'मला जमत नाही' म्हण, ते खरंच आहे.

आम्ही मागावरच्या बायका एकमेकींशी बोलायचो ते धाग्यावर नजर ठेवून. एकीचा नवरा पळाला ते मला असंच कळलं, एकीच्या पोटात गाठ होती तेही. तोंडाकडे बघून असलं बोलता येत नाही. तेव्हा तू फळांकडे बघ. आणि सुरुवात कुठून करायची याचा घोळ घालू नकोस. डोक्यापासून कर आणि पायापर्यंत जा. रडू आलं तर रड, पीठ जरा खारट होईल इतकंच.

जायचं म्हणाली तर येऊ दे माझ्याकडे. तिचं घर आहे. पण मला वाटत नाही ती जाईल. जाणारी बाई ओट्यावर फडकं अंथरत बसत नाही.

आई


२ नोव्हेंबर

आई ग,

पहिल्यांदा तुझा पाय कसा आहे ते कळव. प्लास्टर काढलं का? मास्तरांना माझा नमस्कार सांग. पेटीत त्यांनी पेंढा इतका घातला होता की फळं शोधावी लागली.

तुझी सगळी पत्रं त्याने काल माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, वाच. तू त्याला बाळा म्हणालीस. मला क्षणभर रागच आला, माझी आई असून त्याला बाळा कशाला म्हणायचं!

कालच दुपारी केक केला. तो स्वयंपाकघरातून म्हणाला, "मला जमत नाही." मी मनात म्हटलं, हे खरं कधी बोलायला लागला हा? पण वासाने उठले, आई. आपल्या मागच्या अंगणाचा तो वास, फळं पडून कुजायला लागली की यायचा तो, आंबूस आणि गोड. स्टूल घेऊन ओट्याशी बसले आणि सोलायला लागले. साल नुसती ओघळत होती. तो शेजारी उभा राहून एकेक कुस्करत होता, कोपरापर्यंत रस. आणि भांड्यात बघत, मी काही विचारलं नसताना, म्हणाला, "केस होते. काळे. ओले असल्यामुळे कपाळाला चिकटलेले."

मी सोलत राहिले. थांबले असते तर तो थांबला असता.

त्याने सगळं सांगितलं. वरून खाली, काही न वगळता. भुवया अगदी पुसट. डाव्या कानाची पाळी जरा दुमडलेली. नाक माझं, म्हणजे तुझं. वरचा ओठ टोकदार. खांद्यावर बारीक लव. बोटं लांब, नखं वाढलेली, अंगठ्याचं नख रुंद. ते त्याच्या घरचं. एक पाय पोटाशी घेतलेला, तो सरळ होतच नव्हता. मी तिला पोटात तशीच ओळखत होते, आई! उजवीकडे बरगडीखाली तोच पाय होता.

मी विचारलं, "मग बिघडलं काय होतं?" त्याने हात थांबवले. म्हणाला, "मी शोधलं. खूप शोधलं. काहीच सापडलं नाही."

मग माझीही सुरी ओट्यावर तशीच राहिली. फळं काळी पडत गेली.

तू मला ओळखतेस, तेव्हा खोटं लिहीत नाही. माझा राग गेलेला नाही. डॉक्टरांना 'नको' म्हणाला ते मी विसरेन असं मला वाटत नाही आणि तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "विसरू नकोस." काही दिवस तुझ्याकडे येईन म्हणते, तुझा पाय बघायला. त्यालाही सुटी मिळाली तर दोघं येऊ. नाही मिळाली तर एकटी येईन आणि परत जाईन.

केक मधोमध बसला. साच्यातून निघेना, म्हणून साचा मध्ये ठेवून चमच्यांनीच खाल्ला, गरम गरम. साखर थोडी जास्त झाली होती. मी दोनदा घेतला. समोरच्या बाईंना नेऊन दिला आणि येताना पाळणा परत आणला. तो खोलीत ठेवलेला नाही, दिवाणखान्यात आहे. कुठे ठेवायचा ते सावकाश बघू.

आता तुझा नंबर, म्हणून एक शेवटची गोष्ट सांगते. ही मी त्यालाही काल पहिल्यांदा सांगितली. त्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. स्टीलचा ट्रे आणि त्यात ती, झाकलेली, कुणीतरी घाईघाईने कुठेतरी नेत असलेली. 'बघण्यासारखं काही नव्हतं' म्हणजे तिला कुणी हातातसुद्धा घेतलं नसणार, असं मी धरून चालले होते. आली आणि कुणाच्याही हातात न येता गेली. बाकी सगळं मी सोसलं असतं, आई, हे सोसवत नव्हतं.

हे ऐकून त्याने ते रसाने माखलेले हात पुढे केले, कोपरात वाकवून, आणि दाखवलं. अशी. डोकं इथे होतं. सिस्टर दोनदा घ्यायला आल्या, त्याने दिली नाही. तिसऱ्यांदा त्या आल्या आणि त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिल्या.

तिला घेतलं होतं, आई. तिच्या बाबाने घेतलं होतं.

तुझी,
ठमी